लॉर्ड्सचें मैदान आणि त्याचें दार

लंडनच्या लॉर्ड्स मैदानाचें नांव ऐकून तें एखाद्या उमरावाचें आंगण असावें, अशी आमच्या पुष्कळ वाचकांची समजूत असेल. आमचीहि बरेच दिवस होती. वस्तुतः थॉमस लॉर्ड हा मद्याचा व्यापारी. त्यानें १७८७ मध्यें पहिलें मैदान केलें. ती जागा सुटली तेव्हां दुसरी घेतली. तिच्यावरून कालवा जाणार असें ठरतांच तीहि सोडली. आणि १८१४ पासून खेळ सेंट जॉन्स वुड येथील आजच्या जागीं चालू आहे.

मेलबर्नच्या मैदानावर सुमारें एक लक्ष प्रेक्षक बसतात. केप टाउनच्या न्यूलंड्स मैदानामागें टेबल पर्वत उभा आहे. लॉर्ड्सला असें कांहींच नाहीं. इतकेंच नव्हे, तें धड सपाटहि नाहीं. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत त्याला सुमारें आठ फुटांचा उतार आहे. पॅव्हिलियनच्या बाजूनें टाकलेला चेंडू या उतारामुळें उजव्या हाताच्या फलंदाजाकडे आंत वळतो, समोरच्या बाजूनें टाकलेला बाहेर जातो, आणि नवख्याची तारांबळ उडते. आपल्या दिलीप वेंगसरकरांनीं मात्र १९७९, १९८२ व १९८६ अशा लागोपाठ तीन दौऱ्यांत येथें कसोटी शतकें काढलीं. प्रत्यक्ष गावसकरांना तें एकदांहि साधलें नाहीं!

परंतु या उताराहून अवघड होतें तें पॅव्हिलियनचें दार. १८९० मध्यें बांधलेल्या या इमारतींत सामना चालू असतां स्त्रियांस मज्जाव असे. राणी एलिझाबेथ या क्लबाच्या आश्रयदात्या, म्हणून त्यांना तेवढी मुभा. इंग्लंडच्या कर्णधार रेचल हेहो फ्लिंट यांनीं १९७६ मध्यें येथें स्त्रियांचा पहिला सामना खेळून जिंकला. पण सभासदत्वाची गोष्ट निराळी. १९९१ मध्यें त्यांनीं नांवाचें नुसतें आद्याक्षर घालून अर्ज केला, तो कां, हें आमच्या वाचकभगिनींस सांगावयास नको. १९९८ च्या फेब्रुवारींत मतें घेतलीं तेव्हां बहुमत अनुकूल पडलें, तथापि दोनतृतीयांशांची अट पुरी होईना. सप्टेंबरांत पुन्हां मतें घेतलीं आणि क्लबाच्या स्थापनेनंतर २११ वर्षांनीं तें दार उघडलें. वडिलधाऱ्या मंडळींचें मन वळावयास वेळ लागतो हें आम्ही जाणतों. पण दोनशें अकरा वर्षें म्हणजे जरा अतीच झालें.

याच मैदानावर २३ जुलै २०१७ रोजीं स्त्रियांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना भारत व इंग्लंड यांच्यामध्यें झाला. विजयासाठीं २२९ धावा हव्या होत्या. सांगलीची स्मृति मानधना शून्यावर परतली, परंतु मुंबईच्या पूनम राऊतनें ८६ धावा जोडून डाव सांवरला. ३ बाद १९१ अशी स्थिति असतां विजय हातांत आल्यासारखा वाटत होता. मग ॲनिया श्रबसोलच्या गोलंदाजीपुढें पुढचे सात गडी २८ धावांत कोसळले, आणि सामना नऊ धावांनीं गेला.

आमच्या घरीं त्या रात्रीं पानें वाढावयास साडेदहा वाजून गेले. वाढणाऱ्या मंडळीच सामना पाहत बसल्या होत्या, आणि त्यांना उठा असें म्हणावयास कोणी धजलें नाहीं.