सीए-१२५ वाढण्यामागे विषाणूही असू शकतो

रक्तातील सीए-१२५ची पातळी मिलिलिटरला ३५ युनिटच्या वर गेली म्हणजे अंडाशयाचा कर्करोग झालाच, हा या तपासणीबद्दलचा सर्वांत घातक गैरसमज आहे. १९८१ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट बास्ट आणि सहकाऱ्यांनी हे प्रथिन ओळखणारे प्रतिपिंड तयार केले आणि त्याचे नाव या रोगाशी कायमचे जोडले गेले. परंतु पोटाचे, फुप्फुसांचे व हृदयाचे पातळ आवरण, बीजवाहिन्या आणि गर्भाशयाचे अस्तर या निरोगी ऊतीही सीए-१२५ तयार करतात. त्यांना सूज आली, किंवा पोटात वा छातीत पाणी झाले, की ते रक्तात वाढते. वाढीचे कारण आकड्यावरून कळत नाही.

विषाणूंचा प्रभाव दोन वेगळ्या वाटांनी पडतो आणि त्यांची गल्लत करू नये. पहिल्या वाटेत प्रथिन खरोखरच वाढते. हिपॅटायटिस बी किंवा सी वर्षानुवर्षे राहून सिरॉसिस आणि जलोदर झाला, तर अंडाशय पूर्ण निरोगी असूनही आकडा शेकड्यांत जाऊ शकतो. अशी वाढ पुरुषांतही दिसते. कोविड-१९च्या काही रुग्णांतही पातळी वाढलेली आढळली आहे.

दुसऱ्या वाटेत प्रथिन वाढलेले नसतेच, फसते ती तपासणी. तिच्यात बहुधा उंदरापासून मिळवलेली दोन प्रतिपिंडे वापरतात: एक सीए-१२५ला पकडते, दुसरे त्याच रेणूला चिकटून संकेत देते. एपस्टाइन-बार विषाणूच्या संसर्गात रुग्णाच्या शरीरात कधी कधी प्राण्यांच्या प्रथिनांना चिकटणारी प्रतिपिंडे बनतात. ती या दोघांना परस्पर जोडतात आणि यंत्र खोटा वाढीव आकडा दाखवते. हे टाळण्यासाठी किटमध्ये रोधक द्रव्ये घातलेली असतात, तरी ती प्रत्येक वेळी पुरी पडत नाहीत. निकाल आणि रुग्णाची प्रकृती यांचा मेळ बसत नसेल, तर प्रयोगशाळेला तसे कळवून नमुना विरल करून किंवा दुसऱ्या पद्धतीने पुन्हा तपासून घ्यावा.

संसर्ग सापडला म्हणजे कर्करोगाची शंका मिटली, हा उलटा गैरसमजही तितकाच धोक्याचा, कारण दोन्ही आजार एकाच वेळी असू शकतात. पोट फुगणे, थोड्याशा जेवणाने पोट भरणे, ओटीपोटात दुखणे किंवा वारंवार लघवीला जावे लागणे अशी तक्रार टिकून असेल, विशेषतः रजोनिवृत्तीनंतर, तर सोनोग्राफी लांबवू नये. सूज ओसरल्यावर आकडा काही आठवड्यांत उतरायला हवा. तो चढतच राहिला तर पुढचा तपास अटळ आहे. भारतात पोटाचा क्षयरोगही (हा जिवाणूंचा आजार) हुबेहूब असेच चित्र उभे करतो. तिथे बायोप्सीनेच उलगडा होतो.

आकडा ३५च्या आत असला तरी कर्करोग नाही, असे म्हणता येत नाही. पहिल्या टप्प्यातील सुमारे निम्म्या रुग्णांत तो वाढलेला नसतो. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या चाचणीचे अंतिम निष्कर्ष २०२१ मध्ये आले: अशा नियमित तपासणीने या रोगाचे मृत्यू घटले नाहीत. म्हणूनच लक्षणे नसलेल्या, सर्वसाधारण जोखमीच्या स्त्रीला ही तपासणी सुचवली जात नाही. तिचा खरा उपयोग उपचार झालेल्या रुग्णाच्या पाठपुराव्यात होतो. तिथेही नुकताच संसर्ग होऊन गेला असेल, तर एका वाढीव आकड्यावर उपचार न बदलता तपासणी पुन्हा करून घ्यावी.