आधी नियम, मग नखं: फँटसी खेळातला राक्षस घडवतात कसा?

'स्ट्रेंजर थिंग्ज' पाहिलेल्यांना पहिल्याच भागातला प्रसंग आठवत असेल. चार मुलं तळघरात टेबलाभोवती बसलेली, फासे पडतायत आणि अचानक समोर डेमोगॉर्गन येतो. ती मुलं खेळतायत तो खेळ खराखुरा आहे. नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकन गड्यांनी तो १९७४ मध्ये आणला. एकजण गोष्ट चालवतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात, आणि कुणाचा वार लागला, कुणाचा हुकला हे फासे ठरवतात. स्क्रीन नाही, ग्राफिक्स नाहीत. राक्षस दिसतो तो फक्त सांगणाऱ्याच्या शब्दांत.

या खेळासाठी राक्षसांची तयार पुस्तकं मिळतात. पहिलं 'मॉन्स्टर मॅन्युअल' १९७७ चं. पण अडचण अशी, की जुन्या खेळाडूंना ही पुस्तकं तोंडपाठ असतात. ट्रोल दिसला की लगेच कुणीतरी म्हणणार, "जाळा त्याला!" भीती तिथेच संपते. म्हणून खेळ चालवणारे स्वतःचे राक्षस घडवतात.

बहुतेकजण सुरुवात चित्रापासून करतात. सहा हात, तीन डोळे, पाठीवर काटे. यातून पोस्टर चांगलं होतं, राक्षस होईलच असं नाही.

गायगॅक्सचं उदाहरण बघण्यासारखं आहे. त्याच्याकडे हाँगकाँगमध्ये बनलेल्या स्वस्त प्लास्टिक खेळण्यांचं पाकीट होतं. धड डायनासोर नाहीत, धड दुसरं काही नाही, असे ओबडधोबड प्राणी. त्यातल्या एकापासून 'रस्ट मॉन्स्टर' तयार झाला. दिसायला किड्यासारखा, माणसाला फारसं इजा न करणारा. पण त्याच्या मिशांचा स्पर्श झाला की लोखंड गंजतं आणि तो गंज हा खातो. आता विचार करा, महिनोन्महिने खेळून मिळवलेलं चिलखत समोर भुगा होतंय. ड्रॅगनपुढे छाती काढून उभे राहणारे खेळाडू या किड्यासमोर पळ काढतात. राक्षस खेळाडूच्या जिवावर उठला पाहिजे असं काही नाही. त्याला जे जपायचंय, त्यावर उठला तरी पुरतो.

आपला राक्षस तिकडे गेला तेव्हा

त्या १९७७ च्या पुस्तकात चक्क 'राक्षस' नावाचाही एक प्राणी आहे. चित्रात वाघाचं डोकं, अंगात झकास कोट, हातात पाइप! मंत्र म्हटलेल्या क्रॉसबोच्या बाणाने तो मरतो. ही कल्पना पुराणातली नव्हे, १९७४ च्या 'कोलचॅक: द नाइट स्टॉकर' या अमेरिकन मालिकेच्या एका भागातून आलेली. पुढच्या आवृत्त्यांमध्ये या राक्षसाचे तळवे उलटे झाले. आपल्याकडे उलटे असतात ते हडळीचे पाय.

गंमत बाजूला ठेवली, तर नियमांच्या बाबतीत आपली पुराणं गायगॅक्सच्या कितीतरी पुढे आहेत. हिरण्यकशिपू म्हणजे अटींची यादीच: दिवसा नाही, रात्री नाही, घरात नाही, बाहेर नाही, माणसाकडून नाही, पशूकडून नाही. नरसिंहाने ताकद लावली खरी, पण आधी फट शोधली. भस्मासुराची तर शक्ती हीच कमजोरी. आणि बकासुर? एकचक्रा नगरीतल्या प्रत्येक घराने पाळी लावून गाडाभर अन्न आणि एक माणूस पाठवायचा. इथे राक्षस दिसायच्या आधीच गोष्ट सुरू झालेली असते. आज पाळी कुणाच्या घरी, एवढाच प्रश्न पुरेसा आहे.

लोककथांमध्ये याहून भारी चीज म्हणजे चकवा. त्याला चेहरा नाही, शरीर नाही. रात्री वाट चुकते, माणूस फिरून फिरून त्याच बाभळीपाशी येतो, बस्स. तलवार मारायची कुणाला?

अलीकडचा उत्तम नमुना 'तुंबाड' (२०१८) मधला हस्तर. हा कुठल्या पुराणात सापडणार नाही, राही अनिल बर्वे यांच्या चित्रपटासाठी तो घडवला गेला. सोनं त्याच्याकडे, पण धान्य मिळालं नाही म्हणून कायम भुकेला. कणकेच्या बाहुलीत त्याला गुंतवायचं आणि तेवढ्यात मोहरा काढायच्या. प्रेक्षकाला नियम नीट कळतात, म्हणून ते मोडल्यावर काय होईल याची धास्ती बसते.

कळंबचा राक्षस कसा असेल?

'तुंबाड'मध्ये कोकण आणि न थांबणारा पाऊस. 'मुंज्या'ही (२०२४) कोकणातलाच. मराठवाड्यात ही भीती तशीच्या तशी चालणार नाही. धाराशिव जिल्ह्यातल्या कळंबला बसलेल्या चार-पाच मित्रांना धो-धो पाऊस कशाला भीतीदायक वाटेल?

कळंब मांजरा नदीच्या काठावर आहे. याच नदीवरचं धनेगावचं धरण आटलं आणि एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. आटलेली बोअर, टँकरची वाट, रात्री लाइट आली की मोटार चालू करायला शेतात जाणं, ही इथली रोजची काळजी आहे. राक्षस त्यातूनच निघतो.

उदाहरणादाखल एक घडवू. नाव 'उपशा', पाणी उपसण्यावरून. आटलेल्या बोअरमध्ये राहतो. जमिनीतलं पाणी त्याला पिता येत नाही, माणसाने वर काढलेलंच पिता येतं: घागरीतलं, टँकरमधलं, खेळाडूंच्या बाटल्यांमधलं. आणि नियम एकच: ज्या जागी कुणी आपल्या वाट्याचं पाणी दुसऱ्याला दिलं, ती जागा त्याला ओलांडता येत नाही.

हा नियम खेळाडूंना सांगायचा नाही, दिसू द्यायचा. ज्या वाड्याच्या हौदाला कुलूप आहे तो रोज सकाळी कोरडा. एसटी स्टँडजवळच्या पाणपोईचे रांजण मात्र भरलेले. लाइट नसताना रानात मोटारीचा आवाज. अशा तीन तरी खुणा ठेवाव्यात, कारण खेळाडू एक चुकवतात, दुसरीचा भलताच अर्थ लावतात आणि तिसऱ्यावर त्यांना उलगडा होतो. डिसेंबर २०२४ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरहून निघालेला वाघ धाराशिवच्याच येडशी-रामलिंग अभयारण्यात पोहोचला, तेव्हा काय झालं होतं? आसपासच्या बहुतेकांनी वाघ पाहिलाच नाही. पंजाचे ठसे आणि मारलेली जनावरं, एवढ्यावर लोकांनी रात्रीचं शेतात जाणं कमी केलं. खेळातला राक्षसही आधी असाच बातमी म्हणून यायला हवा.

राहिला शेवटचा पेच. उपशाच्या पोटात कैक वर्षांचं पाणी आहे. मारला तर त्याची वाफ होते. परत हवं असेल तर त्याच्याशी बोलावं लागेल, आणि त्यासाठी आपल्या बाटलीतलं पाणी आधी त्याला द्यावं लागेल. टेबलावर खरी भांडणं इथे होतात.

आकडे नंतर

खेळाच्या पाचव्या आवृत्तीत (२०१४) राक्षसाची तग धरण्याची ताकद 'हिट पॉइंट'मध्ये मोजतात. ओगर या राक्षसाचे ५९. चार नवखे खेळाडू, प्रत्येकाचा सरासरी फटका ८ चा, दहापैकी सहा वेळा नेम लागतो असं धरलं, तर एका फेरीत साधारण १९ कमी होतात. म्हणजे ओगर चौथ्या फेरीत आडवा. उपशाला ६० दिले तर तोही तेवढाच टिकेल.

इथेच नवख्यांची चूक होते. चार फेऱ्या जगणाऱ्या राक्षसाला दहा शक्ती देऊन ठेवतात आणि सात वापरल्याच जात नाहीत. तीन पुरे. उपशाचा फटका रक्त काढत नाही, एक बाटली रिकामी करतो. बाटल्या संपल्या की थकवा. या खेळात थकव्याच्या सहा पायऱ्या आहेत आणि सहाव्या पायरीवर पात्र मरतं. शिवाय राक्षस एकटा आणि खेळाडू चार, म्हणजे त्याच्या एका चालीमागे समोरून चार चाली येतात. सोबतीला दोन-चार फुटकळ प्राणी दिले की बरोबरी साधते.

काय टाळायचं, हेही ठरवावं लागतं

हडळ, चेटकीण, भुताळी हे शब्द आपल्याकडे फक्त गोष्टीत राहिलेले नाहीत. असा शिक्का मारून खऱ्या बायकांना मारहाण झाली आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला तो याच पार्श्वभूमीवर. त्यामुळे 'गावाबाहेर राहणारी एकटी म्हातारी हीच राक्षसीण' हा सोपा प्लॉट आपल्या टेबलावर तितकासा निरागस राहत नाही. मुळात बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते असं सांगणारी कथा, त्या बाईला वाचवायला कोण आलं नाही याबद्दल गप्प बसते. तिथून सुरू केलं तर राक्षस भलतंच कुणी निघेल आणि खेळ जास्त रंगेल. एखाद्या अख्ख्या जमातीला जन्मतःच दुष्ट ठरवण्यावरून खुद्द 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'वर टीका झाली, आणि २०२० मध्ये कंपनीने ऑर्क आणि ड्राउ यांचं चित्रण बदलण्याचं जाहीर केलं. येरमाळ्याची येडाई किंवा कुणाचंही ग्रामदैवत हिट पॉइंट लावून टेबलावर आणणं हाही असाच प्रकार. खेळायला बसलेल्यांपैकी एकाच्या घरी नवस बोललेला असू शकतो. सुरुवातीलाच विचारून घेतलेलं बरं.

घडवलेला राक्षस इन्स्टावर टाकायचा किंवा पुस्तिका करून विकायची असेल, तर एक सोय झाली आहे. परवान्यावरून झालेल्या मोठ्या वादानंतर जानेवारी २०२३ मध्ये कंपनीने खेळाचे मूळ नियम (एसआरडी ५.१) क्रिएटिव्ह कॉमन्समध्ये खुले केले. ते मराठीत आणून, त्यावर आपला राक्षस बेतून विकताही येतो, श्रेय दिलं की झालं. मात्र बिहोल्डर, माइंड फ्लेयर हे प्रसिद्ध राक्षस कंपनीने त्यात दिलेले नाहीत. ते वापरायचे नाहीत. उपशा वापरायला हरकत नाही.