एका वर्गातील अनेक इयत्ता

महाडहून रायगडाकडे जाणाऱ्या रस्त्यावर नाते हे गाव लागते. चिंतामणराव देशमुखांचा जन्म १८९६ साली याच गावी झाला. १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेत ते मुंबई विद्यापीठात पहिले आले आणि पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर व देशाचे अर्थमंत्री झाले. अशा सुपुत्राचा गावाला अभिमान वाटावा हे स्वाभाविकच आहे. परंतु इतका बुद्धिमान विद्यार्थी शाळेची कसोटी पाहत नाही. हाती पुस्तक पडले तरी त्याला पुरते. शाळेची खरी कसोटी पाहतो तो चौथीच्या वर्गात बसलेला, पण दुसरीचे पुस्तकही वाचता न येणारा मुलगा.

महाड-पोलादपूरच्या डोंगराळ भागात वस्ती विखुरलेली आणि शाळांचे पट लहान. शिक्षणहक्क कायद्यानुसार साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक मिळतात. पहिली ते पाचवीच्या द्विशिक्षकी शाळेत एकेका शिक्षकाकडे दोन-तीन इयत्तांचे जोडवर्ग येतात, आणि प्रत्येक इयत्तेच्या पोटात पुन्हा दोन-तीन पातळ्या दडलेल्या असतात. रायगड जिल्ह्यातील अनेक कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर जातात, ती पावसाळ्याच्या तोंडावर परततात. वजाबाकी अर्ध्यावर सोडून गेलेले मूल परत येते, तेव्हा वर्ग भागाकारापर्यंत पोचलेला असतो. कायदा त्याला वयानुरूप वर्गात बसवितो, आणि ते योग्यही आहे. मात्र हजेरीपट एक इयत्ता सांगतो आणि त्याची पाटी दुसरीच सांगते.

अशा वर्गासाठी शिक्षक पाठटाचण लिहितो ते कोणासाठी? रूढ टाचणात एक उद्दिष्ट, एक कृती आणि एकच स्वाध्याय असतो. तो एका काल्पनिक सरासरी मुलाला उद्देशून असतो, आणि हा सरासरी मुलगा बहुधा वर्गात हजरच नसतो. हुशार मूल कंटाळते, मागे पडलेले गप्प बसते. अभ्यासक्रम 'पूर्ण' झाल्याची नोंद तेवढी वहीत होते.

यावरचा उपाय अवघड वाटतो. पण तो अशक्य नाही. 'भातलावणी' हा विषय घ्यावा. ज्यांना अक्षरओळख पक्की झालेली नाही, त्यांनी लावणीविषयी तोंडी सांगावे, चित्र काढावे आणि राब, रोप, चिखल हे शब्द त्यातील अक्षरांसह ओळखावेत. ज्यांना शब्द वाचता येतात, त्यांनी फळ्यावरची चार वाक्ये वाचून योग्य क्रमाने लावावीत. सहज वाचणाऱ्यांनी घरातील वडीलधाऱ्यांना विचारून दहा ओळी लिहाव्यात आणि दुसऱ्या दिवशी वर्गाला वाचून दाखवाव्यात. गणितातही तसेच. हातच्याची वजाबाकी कोणी चिंचोक्यांच्या दहा-दहांच्या ढिगांनी करील, कोणी पाटीवर, तर कोणी वाण्याच्या बिलावरून स्वतःच उदाहरण रचील. विषय एकच, वाटा तीन. शिक्षकाने एका गटाजवळ बसावे, तोवर उरलेले दोन गट आपले काम करतील, एवढी आखणी मात्र आधी झालेली हवी.

ही कल्पना परकी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर जे काम केले, त्याचे सारच हे होते. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच त्यांनी कुरणातच शाळा नेली. 'प्रथम' या संस्थेच्या पुढाकाराने 'असर' हे सर्वेक्षण २००५ पासून होत आहे. एकेका मुलाला जवळ बसवून अक्षर, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट यांपैकी त्याला काय वाचता येते, हे त्यात पाहिले जाते. ग्रामीण भारतात पाचवीतील जवळजवळ निम्म्या मुलांना दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचता येत नाही, हे त्यातून वारंवार दिसले आहे. या शतकाच्या आरंभी मुंबई व वडोदरा येथील शाळांत 'बालसखी' हा प्रयोग झाला. मागे पडलेल्या मुलांना रोज सुमारे दोन तास त्यांच्या पातळीवरून शिकविल्यावर त्यांची प्रगती स्पष्टपणे वाढली. त्या प्रयोगाचा अभ्यास करणाऱ्यांपैकी अभिजित बॅनर्जी आणि एस्तेर दुफ्लो यांना २०१९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

तथापि या पद्धतीत एक धोका आहे, आणि महाडच्या भूमीत तरी त्याचा विसर पडता कामा नये. १९२७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच गावी चवदार तळ्याचे पाणी प्राशन करून समान हक्काचा उद्घोष केला. वर्गातील मागासलेला गट हा हळूहळू आदिवासीवाडीचा किंवा एखाद्या वस्तीचा कायमचा गट बनला, तर गटपद्धती म्हणजे नव्या नावाने मांडलेली जुनी पंगतच ठरेल. म्हणून गट विषयवार असावेत आणि दर काही आठवड्यांनी मोडावेत. वाचनात मागे असलेले मूल हिशेबात पुढे असू शकते. गट मुलाच्या आजच्या गरजेचा असावा, त्याच्या नशिबाचा नव्हे.

शिक्षणहक्क कायद्याचे कलम २४ प्रत्येक बालकाची अध्ययनक्षमता पाहून आवश्यक ते पूरक अध्यापन करण्याचे कर्तव्य शिक्षकावर टाकते. कर्तव्य सोपविले की त्यासाठी वेळही द्यावा लागतो. दिवसाकाठी तक्ते, अहवाल आणि माहितीपत्रके भरणाऱ्या शिक्षकाकडून तीन पातळ्यांच्या टाचणाची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्यांनीही वहीतील सुवाच्य टाचणापेक्षा मागच्या महिन्यात कोणते मूल कोठून कोठे पोचले, हे विचारावे. राज्य सरकारने २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या समूहशाळा करण्याचा विचार पुढे आणला. तेव्हा लहान पट ही केवळ अडचण मानली गेली. वस्तुतः प्रत्येक मुलाला नावानिशी आणि पातळीनिशी ओळखणे शक्य होते ते अशाच शाळेत. सर्वांना शाळेचे दार उघडणे हे समतेचे पहिले पाऊल होते. आत आलेल्या प्रत्येकाला त्याच्या पायरीवरून वर नेणे, हे दुसरे पाऊल अजून उचलायचे आहे.