परसातले तळे

वैशाखात ज्या नागपूरचा पारा 45 अंशांची वेस सहज ओलांडतो, तेथे परसात लहानसे तळे खोदून काठी बैठकीची तजवीज करणे हे हौशीचे काम असले तरी शास्त्राला धरून आहे. कारण एक लिटर पाण्याची वाफ होताना ते भोवतालची सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता शोषून घेते, आणि हवा जितकी कोरडी, तितकी ही क्रिया जलद. खिडकीतली वाळ्याची ताटी याच नियमाची चाकरी करते. श्रावणातल्या दमट हवेत मात्र दोघांचाही इलाज चालत नाही. भोसल्यांनी तेलंगखेडीस तळे बांधले, ती ऐपत आपली नव्हे, आणि चार हातांच्या डबक्याकडून तेवढ्या गारव्याची अपेक्षाही धरू नये.

खरी अडचण मातीची. शहराच्या पश्चिमेकडील, बेसाल्टापासून बनलेली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा पडून आकसते, आणि या ओढाताणीत सिमेंटचा हौद, गवंड्याने कितीही इमानाने बांधलेला असो, तडकतो. म्हणून दोन फूट खोल खड्ड्यात चाळलेल्या वाळूचा थर देऊन वर शेततळ्याचे जाड प्लास्टिक अंथरावे. जमीन हलली तरी ते तिच्याबरोबर हलते. बैठकीच्या शहाबादी फरशाही त्याच न्यायाने मुरूम व वाळूवर, सांधे सिमेंटने न भरता, बसवाव्यात.

डासांचा बंदोबस्त गप्पी मासे परस्पर करतात. अळ्यांना पंख फुटण्यापूर्वीच त्या फस्त होतात. कडुनिंबाची सावली बैठकीवर असावी, तळ्यावर नको. कुजलेल्या पानांनी पाण्यातला प्राणवायू घटतो, आणि कुमुदिनीला तर निदान पाच तास ऊन हवे.