हृदयाच्या ऑपरेशननंतर बाळ कसं सावरतं

आमच्या लेकीच्या हृदयाच्या पडद्याला छिद्र होतं. डॉक्टरांच्या भाषेत व्हीएसडी. जन्मजात हृदयदोषांमध्ये हा फार सर्रास आढळणारा प्रकार आहे आणि लहान छिद्रं पुष्कळदा आपोआप बुजतात. तिचं मोठं होतं. दूध पिताना कपाळाला घाम यायचा, चार घोट घेतले की दम लागायचा, वजन काही केल्या वाढत नव्हतं. अशा छिद्रातून जास्तीचं रक्त सतत फुप्फुसांकडे जात राहिलं तर तिथल्या रक्तवाहिन्या कायमच्या खराब होऊ शकतात, म्हणून पहिल्या वाढदिवसाच्या बऱ्याच आधी शस्त्रक्रिया करायची ठरली. शस्त्रक्रिया कशी करणार हे डॉक्टर चित्र काढून समजावतात. त्यानंतरचे दिवस मात्र आईवडिलांना तुकड्यातुकड्यानं कळतात, तेही जीव टांगणीला लागलेला असताना. म्हणून तेवढाच भाग इथे सावकाश सांगते.

शस्त्रक्रियेनंतर पहिल्यांदा अतिदक्षता कक्षात सोडतात तेव्हा आपलंच बाळ ओळखू येत नाही. पापण्या सुजून मिटलेल्या, हातापायांची बोटं टम्म. याचं कारण हार्ट-लंग मशीन. हृदय थांबवून पडद्यावर पॅच शिवला जात असताना शरीराचं रक्त या यंत्रातून फिरतं. बाळाच्या अंगात किलोमागे साधारण 80 मिलिलिटर रक्त असतं. पाच किलोच्या बाळात जेमतेम 400. ते यंत्राच्या नळ्यांमधून फिरून आलं की सगळ्या शरीरात दाह होतो आणि रक्तवाहिन्यांमधलं पाणी आजूबाजूला झिरपतं. लघवी वाढवणारी औषधं सुरू झाली की सूज काही दिवसांत उतरते. सिस्टर तासातासाला लघवी मोजून तक्त्यावर लिहितात ते यासाठीच. लघवी चांगली होतेय म्हणजे हृदय पुरेसं रक्त पुढे ढकलतंय. त्या दिवसांत आम्ही सिस्टरना सगळ्यांत आधी तेवढंच विचारायचो.

नळ्यांची भीती वाटते, पण प्रत्येक नळीला निघायची वेळ ठरलेली असते. तोंडातली व्हेंटिलेटरची. मानेतली औषधांची. मनगटातली रक्तदाब क्षणाक्षणाला दाखवणारी. छातीखाली एक-दोन जाड नळ्या असतात, त्यांतून साचलेलं रक्त आणि पाणी बाहेर येतं. त्या पाण्याचा रंग बघत राहावा: आधी लाल, मग गुलाबी, मग फिकट पिवळसर. त्याचं प्रमाण कमी झालं की या नळ्या काढतात. पोटाच्या वरच्या भागातून केसासारख्या बारीक तारा बाहेर आलेल्या दिसतात, त्या पेसमेकरच्या. हृदयाचे ठोके ठरवणारे विजेचे संदेश ज्या वाटेनं जातात, ती वाट नेमकी या छिद्राच्या काठाजवळून जाते. टाके घालताना तिथे सूज आली तर ठोके मंदावू शकतात, म्हणून तारांची सोय आधीच करून ठेवलेली असते. बहुतेक बाळांना त्यांची गरज लागत नाही आणि घरी सोडण्याआधी त्या अलगद ओढून काढतात.

पहिल्या रात्रीबद्दल आधी सांगून ठेवायला हवं. अशा शस्त्रक्रियेनंतर सहा ते बारा तासांनी हृदयाचा जोर थोडा कमी पडणं डॉक्टरांच्या हिशेबात असतं. औषधं वाढवली, डॉक्टर खाटेभोवती जमले, याचा अर्थ ऑपरेशन फसलं असा नसतो. मॉनिटरचंही तसंच. अलार्म वाजला की काळजात धस्स होतं, पण कितीतरी वेळा पायाला लावलेला सेन्सर सरकलेला असतो. आकड्यांकडे टक लावून बसण्यापेक्षा सिस्टरच्या चेहऱ्याकडे बघावं.

सगळ्यांत जड गेलं ते तिचं बिनआवाजाचं रडणं. व्हेंटिलेटरची नळी स्वरयंत्रामधून गेलेली असते, त्यामुळे तोंड वाकडं होतं, डोळ्यांतून पाणी येतं, पण आवाज येत नाही. नळी काढल्यावरही एक-दोन दिवस घसा बसलेलाच असतो. तिला दुखतंय का, हे विचारायला कचरू नये. बोलता न येणाऱ्या बाळाचं दुखणं मोजायची पद्धत आहे: चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि जवळ घेतल्यावर शांत होणं, या पाच गोष्टींना प्रत्येकी शून्य ते दोन गुण. त्यावरून औषध कमी-जास्त करतात. नवजात बाळांना फारसं दुखत नाही, अशी समजूत खुद्द वैद्यकशास्त्रात बराच काळ होती. इंदूरला शिकलेले डॉ. कंवलजित आनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा ऑक्सफर्डमधला अभ्यास 1987 साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. हृदयाजवळची रक्तवाहिनी बांधायच्या शस्त्रक्रियेत ज्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांना नीट वेदनाशामक दिलं, त्यांच्या शरीरावरचा ताण कितीतरी कमी राहिला आणि गुंतागुंतही कमी झाली, हे त्यात दिसलं. तो अभ्यास वाचल्यापासून त्या माणसाबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते.

आता दूध. बाळ उपाशी असलं तरी आईनं दर तीन तासांनी, रात्रीसुद्धा, दूध काढत राहायचं. नाहीतर ते आटतं. कक्षाच्या बाहेरच्या कोपऱ्यात पडद्यामागे बसून काढलेलं वाटीभर दूध, त्यावर नाव आणि वेळ लिहिलेली चिठ्ठी, हेच त्या दिवसांतलं माझं काम होतं आणि त्यानं मला सावरलं. सुरुवातीला नाकातल्या नळीनं काही मिलिलिटर देतात, पचलं तर वाढवतात. दूध सुरू झाल्यावर छातीच्या नळीतलं पाणी दुधाळ दिसलं तर लगेच सांगावं. अन्नातली चरबी वाहून नेणाऱ्या नाडीला धक्का लागला असेल तर काही आठवडे कमी चरबीचं खास दूध द्यावं लागतं. नळीतून दिलेलं दूध नीट पचू लागलं की मग बोंडल्यानं, मग अंगावर. आईचं दूध पुरत नसेल तर मिल्क बँकेची चौकशी करा. डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 साली मुंबईच्या सायन रुग्णालयात सुरू केलेली मिल्क बँक आशियातली पहिली, आणि आता अनेक रुग्णालयांत अशी सोय आहे.

हात लावायची परवानगी मागून घ्या. आपण नुसतं खाटेच्या कडेला उभं राहायचं नसतं. मात्र थोपटू नये, कुरवाळूही नये. एक तळवा डोक्यावर आणि एक पायांवर नुसता ठेवायचा. अर्धवट गुंगीतल्या बाळाला हलत्या हातापेक्षा स्थिर हात बरा वाटतो. आईबाबांचा आवाज ते ओळखतं. तिचे बाबा खाटेशी वाकून रोजच्यासारखी अंगाई म्हणायचे, तेव्हा तिचे ठोके थोडे उतरत.

सगळं सुरळीत झालं तर आठवड्याभरात घरी सोडतात. खर्चाचं बोलायचं तर, शस्त्रक्रियेआधीच जिल्हा रुग्णालयात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेची चौकशी करावी. 2013 पासूनच्या या बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि शाळेतल्या तपासणीत सापडलेल्या हृदयदोषांवर मोफत उपचार होतात.

घरी खरी कसोटी आजी-मावश्यांच्या मायेची. छातीचं हाड जुळायला सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर काखेत हात घालून उचलायचं नाही. एक हात मानेखाली, दुसरा ढुंगणाखाली. पायांवर पालथं घेऊन अंघोळ नाही, मालीश नाही, धुरी तर नकोच. जखमेवर हळद, अंगारा, तेल काही लावायचं नाही. आमच्या सासूबाईंना हे डॉक्टरांनीच समोर बसवून सांगितलं आणि मग त्याच घरातल्या सगळ्यांवर पहारा ठेवू लागल्या. भेटायला येणाऱ्यांना महिनाभर थांबवा, खोकणाऱ्याला तर दारातूनच. रक्त दिलेलं असल्यामुळे काही लसी पुढे ढकलाव्या लागतात, त्याचं वेळापत्रक लिहून घ्या. पहिले सहा महिने कुठलीही छोटी शस्त्रक्रिया किंवा दाताचं काम करण्याआधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारायचं, कारण नव्या पॅचवर जंतू बसू नयेत म्हणून आधी प्रतिजैविक द्यावं लागू शकतं.

घरी आल्यावरही छातीत, हृदयाभोवती पाणी साचू शकतं, कधी दोन-तीन आठवड्यांनीसुद्धा. म्हणून ताप, धाप, दूध टाकणं, लघवी कमी होणं, पिवळट ओली जखम किंवा न थांबणारी चिडचिड, यांतलं एकही दिसलं तर ‘दात येत असतील’ म्हणून बसू नका. डिस्चार्ज कार्डावरच्या नंबरवर फोन करा, आणि रात्र असली तरी सकाळची वाट पाहू नका.