तळ्याच्या गावात समुद्र

आमच्या गावाच्या नावातच तळे आहे. समुद्र मात्र घाटाखाली, लांब. अशा या तळेगावात एका दिवाणखान्यात गेले आठ महिने समुद्राचे पाणी खेळते आहे आणि त्याची राखण माझ्याकडे आहे, असे सांगितले की वर्गमित्र हसतात. ‘त्यात काय, पाण्यात मीठ टाकले की झाला समुद्र!’ असेही म्हणतात. तसे होत नाही, हे मला कसे कळले ते सांगण्यासाठी हा लेख.

माझे वडील चाकणला कंत्राटी कामगार आहेत. आई स्टेशन भागात एका निवृत्त गृहस्थांकडे स्वयंपाकाला जाते. कॉलेजची पायरी चढणारा आमच्या घरातला मी पहिलाच. त्या काकांना खाऱ्या पाण्यातल्या माशांचा फार नाद. पण गुडघ्यांमुळे बादल्या उचलवत नाहीत. त्यांनी आईजवळ माझी चौकशी केली आणि महिना ठरवून मला कामावर घेतले. परीक्षेची फी त्यातून निघणार होती.

समुद्रातले मासे मी त्यापूर्वी एकदाच पाहिले होते, शाळेच्या सहलीत, मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयात. 1951 साली सुरू झालेले ते मत्स्यालय पुढे बंद झाले. त्याच्या दारात समुद्र होता. आम्हाला समुद्र घरीच तयार करायचा होता.

पहिली गोष्ट काच. काचेचे तळेगावकरांना नवल नको. लोकांच्या एकेक पैशातून उभ्या राहिलेल्या पैसा फंडाचा काच कारखाना 1908 साली इथेच निघाला. आमची टाकी मात्र चिंचवडहून आली. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. हिशेब केला तर सुमारे 190 लिटर, म्हणजे नुसत्या पाण्याचेच वजन 190 किलो. म्हणून टेबलावर न ठेवता खाली लोखंडी चौकट केली.

दुसरी गोष्ट पाणी. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, म्हणून गाळणी यंत्राचे शुद्ध पाणी घेतले. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. त्यात आपले खायचे मीठ सर्वांत जास्त हे खरे. पण मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट हेही ठरावीक प्रमाणात लागतात. ते सर्व असलेले तयार मिश्रण मिळते. पाणी योग्य झाले की त्याची विशिष्ट घनता 1.025 च्या आसपास येते. बाष्पीभवन होताना पाणी उडते, मीठ मागे राहते. म्हणून रोज घटलेल्या पाण्याच्या जागी गोडे पाणी घालायचे. पहिल्या आठवड्यात मी खारे घालत होतो आणि खारटपणा वाढत होता!

तिसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, आणि तिथेच मी चुकलो. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. तो विषारी. एका जातीचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसऱ्या जातीचे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात. ते बरेच निरुपद्रवी असते आणि अधूनमधून पाणी बदलून काढता येते. हे जिवाणू वाळूवर व दगडांवर वस्ती करतात. ती वस्ती वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकीत मासा सोडायचा नाही.

हे मी वाचले होते. तरीही आठव्या दिवशी काकांनी विचारले, “झाले का रे तयार?” आणि मी “हो” म्हणालो. रिकामी टाकी पाहून ते कंटाळतील, काम बंद करतील आणि माझी फी राहील, अशी मला भीती होती. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! दोन क्लाऊन मासे आणले, नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचे. तिसऱ्या दिवशी दोन्ही तळाशी आडवे. पाणी आरशासारखे नितळ होते. चाचणीच्या नळीत मात्र ते पिवळ्याचे गडद हिरवे झाले. भरपूर अमोनिया.

“पाणी तर स्वच्छ होते ना?” काका म्हणाले. आई ओट्याजवळ उभी होती. माझ्यामुळे तिचेही काम जाते की काय, असे वाटले. पण खोटे बोलवेना. म्हणालो, “काका, चूक माझी. मला पगाराची घाई होती.” ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “उद्यापासून रोज चाचणी कर आणि वहीत लिही. वही बघून ठरवू.”

वही आजही आहे. रिकाम्या टाकीत चिमूटभर अन्न कुजू दिले, तेच जिवाणूंचे खाद्य. विसाव्या दिवसापर्यंत अमोनिया उतरला, नायट्राइट चढले. अडतिसाव्या दिवशी दोन्ही शून्य. नितळ पाणी आणि जिवंत पाणी यांतला फरक मी त्या वहीत शिकलो.

पुढे एकाने काकांना जिवंत प्रवाळ आणून देण्याची तयारी दाखवली. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे. इवल्या प्राण्यांची ती वसाहत, त्यांच्या चुन्याच्या सांगाड्यांतून खडक उभा राहतो. त्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते, ते अन्न देते आणि रंगही. पाणी नेहमीपेक्षा एखाद-दोन अंशांनी जास्त काळ तापले की शैवाल निघून जाते आणि प्रवाळ पांढरे पडते. एप्रिल 2024 मध्ये शास्त्रज्ञांनी असे जगव्यापी संकट चौथ्यांदा जाहीर केले. आपल्या मालवणच्या समुद्रातही प्रवाळ आहे. तिथे 1987 साली सागरी अभयारण्य झाले. खडक बांधणारे सर्व प्रवाळ 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. म्हणजे कायद्याने त्याला वाघाइतकेच संरक्षण.

मी काकांना हे सांगितले आणि “नको” म्हणालो. या वेळी “हो” म्हणणे सोपे होते, पगारही वाढला असता. काकांनी त्या माणसाला परत पाठवले.

आमच्या टाकीत आज प्रवाळ नाही. कोरडे चुनखडी दगड रचून कपारी केल्या आहेत, पंपाने लाटेसारखा प्रवाह ठेवला आहे, आणि दोन क्लाऊन मासे आहेत. समुद्रातून पकडलेले नव्हेत, टाकीतच जन्मलेले. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने असे प्रजनन आपल्या देशात यशस्वी केले आहे. हे मासे जन्मतः नर असतात. जोडीतला मोठा पुढे मादी होतो. एप्रिलमध्ये पाणी तापते तेव्हा वरून पंखा लावतो, दोन-तीन अंश उतरतात. वीज गेली की बॅटरीवरचा हवेचा पंप सुरू करायला धावतो.

थेंबे थेंबे तळे साचे, असे आपण म्हणतो. समुद्रही तसाच साचतो. फक्त थेंबांइतकेच दिवसही मोजावे लागतात. माझी फी भरून झाली आहे. वही चालूच आहे.

— द्वितीय वर्ष, कला शाखा