दोन कान, दोन माइक

यूट्यूबवर ‘एट-डी ऑडिओ’ नावाची गाणी मिळतात. हेडफोन लावला की गायक डोक्याभोवती प्रदक्षिणा घालू लागतो. स्पेशियल ऑडिओ म्हणजे हेच, अशी बऱ्याच जणांची समजूत झाली आहे. मुळात ती साधीच गाणी असतात. संगणकावर त्यांना डावी-उजवीकडे फिरवतात आणि वरून थोडा घुमारा चढवतात, त्यामुळे त्यांत जागा कुठलीच नसते. आवाज जिथे झाला तिथली दिशा, अंतर आणि भिंतींसकट तो टिपणं हा निराळा उद्योग आहे, आणि त्यासाठी बीड जिल्ह्यात भरपूर काम पडलं आहे.

‘पण त्याला लाखांची सामग्री लागते.’ हा दुसरा समज. आधी दिशा कानाला कळते कशी ते पाहू. ध्वनी सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. आपल्या दोन कानांमध्ये वीतभरही अंतर नाही, तरी उजवीकडचा आवाज डाव्या कानाला सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही थोड्या कमी वेळाने उशिरा पोचतो. शिवाय मधे डोकं आल्यामुळे बारीक, उंच पट्टीचे आवाज त्या कानाला दबून ऐकू येतात. वर-खाली आणि पुढे-मागे यांचा उलगडा कानाच्या पाळीचे वळसे करतात. मेंदूला एवढं पुरतं. म्हणून स्वतःच्या दोन्ही कानांपाशी एकेक छोटा इलेक्ट्रेट माइक अडकवला की काम सुरू होतं. या जातीचा माइक १९६२ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये गेरहार्ड सेस्लर आणि जेम्स वेस्ट यांनी घडवला. साधा दाणा आज किरकोळ पैशांत मिळतो, कमी सरसर करणाऱ्याला जास्त मोजावे लागतात. माइकला वीज पुरवणारा छोटा स्टिरिओ रेकॉर्डर आणि वाऱ्यासाठी वर फरचं आवरण एवढं हवंच. बालाघाटाच्या पठारावर आवरणाशिवाय गेलात तर घरी फक्त वारा येईल.

दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. त्या रस्त्याच्या कडेला असे माइक लावून उभं राहा. बैलांच्या घुंगुरमाळा उजवीकडून येतील, चाकांची करकर अंगावरून जाईल आणि मागच्या गाडीतलं बोलणं डावीकडे विरत जाईल. मात्र हे ऐकायचं ते हेडफोनवर. स्पीकरवर डाव्या बाजूचा आवाज उजव्या कानातही शिरतो आणि मांडणी विस्कटते.

मग मोबाइल का नको? बहुतेक फोनच्या हेडफोन-पिनेला एकच माइक चालतो, म्हणजे दिशा तिथेच गेली. त्याहून मोठी अडचण फोनच्या हुशारीची. तो माणसाचा आवाज हेरतो आणि संथ, सतत चालणारा बाकी सगळा आवाज कचरा समजून दाबतो. शांतता आली की आपणहून आवाज चढवतो. लांबची गाडी आणि जवळची गाडी सारखीच ऐकू येते. ही करामत बंद करता येणारं अ‍ॅप असेल तर फोनही चालेल.

‘उत्तम यंत्र घेतलं की कानाला न ऐकू येणारंही सापडतं.’ अर्धवट खरं. ९६ किलोहर्ट्झवर मुद्रण केलं तर वरच्या टोकाची जागा वाढते, खालच्या टोकाला काहीच फरक पडत नाही. खालच्या टोकाचं उदाहरण जिल्ह्यातच आहे: पाटोदा तालुक्यातलं नायगावचं मयूर अभयारण्य. मोर पिसारा थरथरवतो तेव्हा माणसाच्या कानापलीकडचा खोल ध्वनीही निघतो आणि मोर-लांडोरी त्याला प्रतिसाद देतात, असं कॅनडाच्या मॅनिटोबा विद्यापीठातल्या संशोधकांना आढळलं. असा ध्वनी नेहमीचे माइक धड पकडत नाहीत, आणि वाऱ्याला भिऊन ‘लो कट’चं बटण दाबलं की उरलासुरलाही जातो. मोराची केका मात्र साध्या यंत्रातही छान येते.

बीड शहराजवळची निजामशाहीच्या काळातली खजाना बावडी लोक पाहायला जातात. ती ऐकताही येते. काठावरूनच, उतरायच्या भानगडीत न पडता आणि परवानगी घेऊन, एक फुगा फोडा आणि पडसाद पूर्ण विरेपर्यंत रेकॉर्डर चालू ठेवा. त्या फटक्यात बावडीच्या दगडांनी आवाजाचं काय केलं ते सगळं नोंदलं जातं. संगणकावर तोच ठसा दुसऱ्या कुठल्याही आवाजाला लावला की तो आवाज बावडीत उभा राहतो. याला इम्पल्स रिस्पॉन्स म्हणतात. इथे घुमारा आणि प्रतिध्वनी यांची गल्लत नको. प्रतिध्वनी सुटा ऐकू यायला समोरची भिंत निदान १७ मीटर दूर असावी लागते.

हे सारं परदेशी खूळ आहे, असंही म्हटलं जातं. फ्रेंच संगीतकार पिएर शेफेरने १९४८ मध्ये पॅरिसला आगगाडीच्या आवाजांतून रचना केली हे खरं. पण अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये मूग सिंथेसायझर बसला होता आणि गीता साराभाई, अतुल देसाई यांच्यासारखे लोक त्यावर प्रयोग करत होते. त्या प्रयोगांच्या टेप पुढे कितीतरी वर्षं कुणी ऐकल्या नाहीत, हा दोष मात्र आपला.

सगळ्यात हानिकारक समज म्हणजे मागचा आवाज ही घाण असते आणि ती पुसायची असते. याचं उत्तर जिल्ह्यातल्याच माजलगावात आहे. अभ्यासक हेमा रायरकर आणि गी पॉइतवाँ यांनी १९८०च्या दशकापासून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. लाखाच्या वर ओव्या कागदावर उतरल्या, पण कागदावर चाल येत नाही, श्वास येत नाही, शेजारणीने धरलेला सूर येत नाही. म्हणून नव्वदच्या दशकात फ्रेंच संगीतसंशोधक बर्नार्ड बेल यांच्या सोबतीने ध्वनिमुद्रण सुरू झालं, आणि १९९६ मध्ये माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी बाबासाहेबांवरच्या ओव्या गायल्या. अशा मुद्रणातली बांगडी, मधलं बोलणं, दगडाची घरघर ‘नॉइज रिडक्शन’ने साफ केली तर उरेल तो स्टुडिओतला कंठ. आज कुणाला हाच प्रयोग पुढे न्यायचा असेल तर जात्याच्या खालच्या दगडाला पिझो चकती चिकटवून पाहावी. ती हवेतलं ऐकत नाही, दगडाची थरथर ऐकते. फक्त ती थेट रेकॉर्डरला जोडली तर खर्ज गळतो, मधे तिच्यासाठीचा छोटा प्रीअँप लागतो.

आणि यंत्र चालू करण्याआधी वही काढावी. गाव, वस्ती, तारीख, गाणारीचं नाव आणि तिची संमती. ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळाने २०१७ पासून या ओव्या ऑनलाइन आणायला सुरुवात केली. दोन दशकांपूर्वीच्या टेपमधल्या गायिकांकडे त्यांना पुन्हा जाता आलं, ते प्रत्येक ओवीपाशी नाव आणि गाव नोंदलेलं होतं म्हणून.